घरून चालणारं सायझिंग

काल्हेरच्या केसरीनाथ पाटलांकडे कॉम्प्युटर आला, तेव्हा तो ठेवायचा कुठे यावर घरात बराच खल झाला. हॉलमध्ये ठेवला तर येणारा-जाणारा हात लावणार. मुलाच्या, म्हणजे कुणालच्या खोलीत ठेवला तर सासऱ्याला सुनेच्या खोलीत जावं लागणार. शेवटी केसरीनाथांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी निकाल दिला. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या बोळात पूर्वी तांदळाची कणगी असायची, तिथे टेबल लागलं.

"भाकऱ्या टाकता टाकता निशाला बघता येल," त्या म्हणाल्या.

निशा ही त्यांची सून, पडघ्याची. तिथल्या शाळेत कारकून असलेल्या तिच्या वडिलांनी तिला इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करू दिला, कारण त्यांच्या हेडमास्तरांच्या मुलीने तो केला होता. नंतर ती ठाण्याला, कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. वायरींना नंबर घालण्यापासून सुरुवात करून मशीनचा प्रोग्राम लिहिण्यापर्यंत पोचली आणि लग्न ठरलं. मुलगी शिकलेली आहे याचा आम्हाला अभिमान आहे, असं पाटलांनी बैठकीत सांगितलं. नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि निशाच्या वडिलांनीही विचारलं नाही. उत्तर दोन्हीकडे ठाऊक होतं.

केसरीनाथांची खाडीकडची जमीन गोडाऊनवाल्यांना गेली, तेव्हा त्यांनी मानकोलीच्या अलीकडे स्वतःचं सायझिंग टाकलं. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावायची, तापल्या सिलिंडरवरून सुकवायचं आणि बीमवर गुंडाळून द्यायचं, हे काम. भिवंडीतल्या लूमवाल्यांना ते रोज लागतं. कुणालने कॉमर्स केलेलं. तो पार्ट्या आणि टेम्पो बघे. मशीनमधलं निशाला अधिक कळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग जेवताना होई. कुणाल एखादा बिघाड सांगे, निशा भात वाढता वाढता कारण सांगे आणि दुसऱ्या दिवशी कुणाल ते कारण कारखान्यात सांगे.

तिने एकदाच विचारलं होतं, मी तिकडे येऊ का?

केसरीनाथ रागावले नाहीत. "तिथं बाप्ये उघड्या अंगानं काम करतान, पोरी. पाटलाची सून तिथं उभी राहून काय करल?"

तो विषय तिथे संपला. मग लोडशेडिंगने तो वेगळ्या दाराने घरात आणला. खळ शिजवायला वेळ लागतो. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ती तयार हवी, आणि शिजताना टाकीतला पंखा थांबला की तिच्या गुठळ्या होतात. तेव्हा भिवंडीत वीज जायची आणि लहर लागली की यायची. पहाटे लवकर येणारा माणूस काम सोडून गेला. ऑपरेटर अनंता मानकोलीहून सायकलने यायचा, पण टाकी भरायची की पॅनलपाशी उभं राहायचं, यात त्याची तारांबळ व्हायची. एका आठवड्यात दोनदा खळ फेकावी लागली.

"पीएलसीला एक मॉड्यूल लावता येतं," निशा जेवताना म्हणाली. पीएलसी म्हणजे पॅनलमधला कंट्रोलर. कुठला पंप कधी चालायचा, वाफ कधी सोडायची, हे तो ठरवतो. त्याच्या शेजारी तळहाताएवढं एक खोकं बसतं, त्याला नेटवर्कची केबल लागते. त्या खोक्यातच एक वेब पेज असतं. इंटरनेटवरून पत्ता टाकला की काल्हेरच्या घरातल्या कॉम्प्युटरवर ते पेज उघडणार, वाफेचा दाब, खळीचं तापमान सगळं दिसणार.

पार्वतीबाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे शेजारीण," त्या म्हणाल्या. "आत काय चाललंय त्ये भायेर सांगनारी."

सगळे हसले. पण केसरीनाथांना कल्पना पटली. सून घरातच राहणार होती आणि मशीनही तिच्या हातात राहणार होतं. याहून बरं काय?

मॉड्यूल बसवायला निशाच्या जुन्या कंपनीतला अनिमेष आला. पेज कसं हवं हे ठरवायला तो घरी येऊन टेबलाशी बसला.

"नुसते आकडे दाखवायचे, की बटणंही हवीत?" त्याने विचारलं.

"बटणंही हवीत. पंखा चालू आणि पंखा बंद."

"घरून चालू करणार? समोर माणूस असला तर?"

"टाकी भरून झाकण लावलं की अनंता मिस्ड कॉल देईल. मग मी चालू करीन."

"पुन्हा एकदा खात्री करून घेणारा प्रश्न टाकू? 'खरंच चालू करायचं का?' असा?"

"नको रे. तवा गॅसवर असतो माझा. एका क्लिकमध्ये झालं पाहिजे."

अनिमेषने खांदे उडवले आणि तसं केलं. नुसते आकडे बघत बसायला निशाला नको होतं. आकडे कुणीही बघेल. बटण असलं की ती कामावर होती.

आणि खरंच, त्या वर्षी ती कामावर होती. सकाळी मोबाइल एकदा वाजून थांबे. निशा पिठाचा हात पदराला पुसून बोळात जाई, माउस हलवे, बटण दाबे. करडा चौकोन हिरवा होई. मानकोलीला टाकीतला पंखा फिरायला लागे. वीज गेली की पेज मरून जाई, आली की निशा पंखा पुन्हा लावून देई. खळ फेकायची वेळ आली नाही. नात्यातल्या बायका आल्या की पार्वतीबाई त्यांना बोळात नेऊन दाखवत. "ही बघा, आमची निशा हितूनच सायझिंग चालवतं." निशा त्यांच्यासाठी चहा टाकत असे, तेवढ्यात माउस हलवून तापमानही दाखवी. कारखाना तिने लग्नानंतर एकदाच, सत्यनारायणाच्या पूजेला पाहिला होता. टाकी नेमकी कुठे आहे, पॅनलपासून किती लांब, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दसऱ्याला मशीनची पूजा असते. सायझिंग बंद ठेवून सगळं धुऊन पुसून काढायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं. केसरीनाथांचा त्यात एक हट्ट होता. पूजेच्या वेळी पॅनलचे दिवे लागलेले हवेत, मेन स्विच खाली करायचा नाही.

"झोपलेल्या मानसाला कोन कुंकू लावतंय?" ते म्हणत. "मशीन जागी पायजे."

घरीही त्याच वेळी पूजा असे. कोयता, विळी, बापजाद्यांचं मासे धरायचं जाळं, कुणालची मोटरसायकल. त्या वर्षी पार्वतीबाईंनी कॉम्प्युटरचंही नाव घेतलं. घर चालवणाऱ्या वस्तूंत आता तोही होता.

निशाने पहाटे सवयीने पेज उघडलं, वाफेचा दाब शून्य आहे ना बघितलं आणि आंघोळीला गेली. तिथेच तिला कळलं की आज आपल्याला बाजूला बसावं लागणार. घरात घट बसलेले, वर दसरा. पार्वतीबाईंनी काही न बोलता मागच्या खोलीत चटई टाकून दिली. एरवी त्या दिवसांत कॉम्प्युटरला हात लावायला त्यांची हरकत नसे. प्लास्टिकला विटाळ नाही, असा निर्णय त्यांनी कामाच्या सोयीने पूर्वीच दिला होता. पण आज त्याची पूजा होती. आज तो देव होता.

चटईवर बसल्यावर निशाला आठवलं की पेज उघडंच राहिलंय. बंद करा म्हणून आईंना सांगावं का? पण कसं सांगायचं? तो बाण, तो कोपऱ्यातला फुलीचा चौकोन. आणि आज टाकी कोरडी, कारखाना बंद. होणार काय? तिने सांगितलं नाही.

केसरीनाथ आणि कुणाल मानकोलीला गेले होते. पार्वतीबाई तबक घेऊन एकेका वस्तूपाशी जात होत्या. मागच्या खोलीत निशाला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. कोयता झाला. जाळं झालं. मग बोळातून आवाज आला.

"पोरी, ह्या उंदराला कुठं लावू कुंकू?"

"लावा कुठेही, आई."

पार्वतीबाईंनी अनामिकेवर कुंकू घेतलं आणि निशा जिथे बोट ठेवते तिथेच, माउसच्या डाव्या अंगाला, चांगलं दाबून लावलं. देवाला लावतात तसं. बाण पहाटेपासून जिथे होता तिथेच होता. निशाचा हात रोज सकाळी आपोआप जिथे जाई, त्याच जागी.

"अगो, ह्यो हिरवा झाला," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"काय हिरवं झालं?"

"तुझा चौकोन."

निशा उठली ती धावतच. चटई, उंबरा, देवघराचं दार, घटांसमोरची रांगोळी यांतलं काहीही तिला दिसलं नाही. तबकाला तिचा धक्का लागून अक्षता सांडल्या. कुंकवाने माखलेला माउस धरून तिने बंदचं बटण दाबलं. चौकोन करडा झाला. दोघी तिथेच उभ्या राहिल्या. निशाने मोबाइल उचलला, पण त्याआधीच तो वाजायला लागला.

"पंखा कोणी चालू केला?" कुणाल ओरडत होता. "अनंताचा हात गेला टाकीत!"

अनंता कमरेतून वाकून पंख्याच्या दांड्याला झेंडूची माळ बांधत होता. दांडा फिरला, माळेचा दोरा आवळला आणि दोऱ्याबरोबर हातही. थांबेपर्यंत मनगट मोडलं होतं आणि कोपरापर्यंतची कातडी सोलवटली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी कुणालला सांगितलं आणि कुणालने घरी येऊन सगळ्यांना.

संध्याकाळी कोणी कोणाला सोनं दिलं नाही. आपट्याची पानं टोपलीत तशीच राहिली. केसरीनाथ हॉलमध्ये बसले होते, कुणाल उभा होता. निशा मागच्या खोलीच्या दारात होती, कारण अजून ती बाजूलाच होती.

"कोनी दाबलं?" केसरीनाथांनी विचारलं.

"पेज मी उघडं ठेवलं होतं," निशा म्हणाली.

"म्हणजे तूच," कुणाल म्हणाला. "सणाच्या दिवशीसुद्धा तुला ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

पेज उघडं ठेवलं हे खरं होतं. प्रश्न नको म्हणून अनिमेषला सांगितलं होतं, तेही खरं होतं. उरलेलं, म्हणजे बोट कोणाचं होतं ते, सांगणं सोपं होतं आणि म्हणूनच तिला ते जमेना.

"तिनं न्हाय," पार्वतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मी."

केसरीनाथांनी बायकोकडे बघितलं. "तुना मशीन चालू करता येतंय?"

"आलं ना आज."

कोणी हसलं नाही. पार्वतीबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि तळहाताकडे बघत राहिल्या. कुंकू अजून बोटाला होतं. त्या रात्री त्यांनी घरभर गोमूत्र शिंपडलं. सुनेने देवघरासमोरून धाव घेतली याबद्दल मात्र एक शब्दही काढला नाही, ना तेव्हा, ना नंतर.

"त्ये खोकं काढून टाक," केसरीनाथांनी कुणालला सांगितलं. "पुन्हा घरात नको."

काही दिवसांनी दोघी अनंताला बघायला मानकोलीला गेल्या. अनंताची बायको गोदू दारात तांदूळ निवडत होती. तिने पार्वतीबाईंना पाट दिला. निशाला दिला नाही.

"लय ऐकलं होतं तुमचं, वैनी," ती म्हणाली. "घरात बसून मशीन फिरवता म्हनून. आता मानसं बी फिरवाया लागल्यात."

"गोदू, गप," आतून अनंता म्हणाला.

"का गप? हात कोनाचा हाय?"

"माझा हाय, म्हनून मी बोलतो, तू गप." प्लास्टर गळ्यात अडकवून तो बाहेर आला. "बसा वैनी. तिचं मनावर घेऊ नका. बाजारातनं मला सामान आणता येत न्हाय, त्याचा राग हाय तिला."

निशा त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला माफी मागायची होती, पण तिने भलतंच विचारलं. "पंखा फिरला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"बोंब मारली. पॅनलकडं बघून. 'बंद कर रे, बंद कर!' आमी नेहमी तसंच करतो. चालू करनारा तिथंच उभा असतो ना." तो जरासा हसला. "तिथं कोनीच नव्हतं. कुणालशेट फुलं घेऊन बॉयलरकडं, मोठे शेट देवीच्या फोटोसमोर. मना वाटलं, आता कोनाला हाक मारू?"

गोदूने सुपातले खडे अंगणात फेकले आणि उठून चहा टाकला. दोन कप आणले. एक निशालाही.

परतताना रिक्षात निशा बाहेर बघत होती. कल्याण नाक्यापासून येणारे ट्रक बाजूने धुरळा उडवत जात होते. पार्वतीबाईंनी पदर नाकाला लावला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "काय गो?"

"तो मलाच हाक मारत होता, आई," निशा म्हणाली. "मी काल्हेरला होते."

खोकं काढायला अनिमेष आला, तेव्हा केसरीनाथ, कुणाल, सगळे घरी होते. त्याने बॅग उघडण्याआधीच निशा म्हणाली, "मॉड्यूल काढू नकोस. आकडे राहू देत. फक्त बटणं काढ. घरून काहीच चालू होता कामा नये."

कुणालला कळेना. "बटणं काढली तर आहे काय त्यात? तूच मागून घेतली होतीस."

"मागितली होती."

"मग सकाळी पंखा कोण लावणार?"

"मी. तिथे जाऊन."

केसरीनाथांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना सून आवडत होती. तिच्या हुशारीचं कौतुक त्यांनी चार लोकांत केलं होतं. त्यामुळे त्यांना हे समजावून सांगता येईल असं वाटत होतं.

"बघ निशा," ते म्हणाले, "झाली चूक. तुला कोन बोलतंय काय? बटणं ठेव पायजे तर. अनिमेष, तो खात्रीचा प्रश्न टाक. दोन प्रश्न टाक. पन घर सोडून तिथं..."

"दहा प्रश्न टाकले तरी उत्तर मी इथूनच देणार, बाबा. टाकीत कोणाचा हात आहे ते इथून दिसत नाही."

"अनंता मिस्ड कॉल देतो ना?"

"हात अडकल्यावर फोन कोण करणार?"

कुणाल खिडकीकडे वळला. मग केसरीनाथांनी ज्या गोष्टीची निशाला भीती होती तीच सांगितली, आणि तीही मायेने. "बटणं काढली आनि आमी तिथं न्हाय पाठवली, तर तुला मग काय काम उरलं, पोरी?"

हा विचार निशाने गेले कित्येक दिवस केला होता. भाकरी थापताना, भांडी पुसताना. वर्षभर त्या बोळात तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं ते त्या दोन चौकोनांमुळे, आणि आता ते ती स्वतःच्या तोंडाने काढायला सांगत होती. सासरे नाही म्हणाले तर कॉम्प्युटरवर नुसते आकडे राहणार आणि ती पुन्हा जेवताना बिघाडांची कारणं सांगणारी सून होणार.

"काही नाही उरणार," ती म्हणाली. "तरी काढायचीत."

अनिमेष कोणाकडे बघावं हे न कळून कॉम्प्युटर चालू करायला लागला.

"बाप्ये उघड्या अंगाने असतान तिथं," केसरीनाथ पुन्हा म्हणाले, पण आता ते निशाला नव्हे तर बायकोला सांगत होते, तिने साथ द्यावी म्हणून.

पार्वतीबाई दाराला टेकून उभ्या होत्या. "मी मिठागरात टोपल्या वाहायची, तवा तिथले बाप्ये काय कोट घालून होते?" त्या म्हणाल्या. "तवा तुमच्या आईला न्हाय लाज वाटली. मिठाचे पैसे घरात येत होते."

"ती येळ येगळी होती."

"हां, येगळी होती. मी शिकलेली नव्हती." त्यांनी पदर खोचला. "भाकऱ्या मी टाकीन. पन निशा, तिथं जेवायला थांबायचं न्हाय. जेवायला घरी यायचं. आनि घट बसतील तेव्हा काय करायचं ते आपन दोघी बघू."

केसरीनाथ उठून बाहेर गेले. हो म्हणाले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी कुणालला सांगितलं, तिला एकटीला मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नको, लोक बघतान, रिक्षा लाव.

पहिल्या सकाळी निशा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला गाठ मारून पोचली. आतली हवा गरम आणि खळीच्या आंबूस वासाची होती. शिफ्टसाठी आलेल्या, बहुतेक उत्तरेकडच्या कामगारांनी तिला बघून टॉवेल खांद्यावर घेतले, एकजण घाईघाईत बनियन घालायला लागला आणि डोकं बाहीत अडकवून बसला. पॅनलपासून टाकी पंधरा-वीस पावलांवर होती, मध्ये एक खांब. खांबामुळे टाकीचं तोंड अर्धंच दिसत होतं. हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

अनंता प्लास्टरचा हात घेऊन आला होता, नवीन माणसाला काम दाखवायला. "लावा वैनी," तो म्हणाला. "टाकी भरली."

तिने बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. खांबापलीकडे कोण आहे ते दिसत नव्हतं.

"टाकीजवळ कोण आहे?" ती म्हणाली. बॉयलरच्या आवाजात ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

"असं न्हाय," अनंता म्हणाला. "पोटातनं."

निशाने श्वास घेतला. "टाकी पे कौन है?" ती ओरडली, इतक्या मोठ्याने की सुताचा ताणा गुंडाळणाऱ्या वार्पिंग मशीनवरचा माणूस मान वळवून बघायला लागला. "हाथ बाहर है क्या सबका?"

खांबाच्या पलीकडून एक हात वर आला, मग दुसरा. "बाहर है, भाभी!"

"और कोई?"

"कोई नहीं!"

तरीही ती खांबाला वळसा घालून गेली, टाकीत डोकावली आणि परत येऊन मगच तिने बटण दाबलं.